'एस' म्हणजे सावकाश?

१. आज सकाळी लोह्याच्या रस्त्यावर बाबा माझी ऑटोमॅटिक गाडी चालवत होते. मी शेजारी होते.
२. गाव आल्यावर त्यांनी गिअरचा दांडा नेहमीच्या 'डी'वरून 'एस'वर ओढला.
३. ॲक्सिलरेटर नेहमीइतकाच दाबला. गाडी उसळली आणि सायकलवरच्या दूधवाल्या काकांना धडकली.

काकांचा पाय मोडला आहे. बाबा नांदेडच्या दवाखान्याबाहेर बसून आहेत, आत यायला तयार नाहीत.

"एस कशाला केलं?"

"एस म्हणजे सावकाश न्हाई का? गाव आलं म्हणून केलं, माय."

एस म्हणजे स्पोर्ट. या गाडीचा आपोआप गिअर बदलणारा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स तेव्हा खालचा गिअर धरतो आणि गाडी जोरात ओढते. मी इंजिनिअर आहे. चावी देताना हे एक अक्षर सांगितलं नाही.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, एस म्हणजे काय? त्यांचं उत्तर जसंच्या तसं रविवारपर्यंत इथे लिहा. मला ती सगळी उत्तरं बाबांना वाचून दाखवायची आहेत.