आईला सांगायचं राहून गेलं

"स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडला. मला ते नवं नव्हतं. बारा वर्षं साताऱ्यात नर्स आहे मी, आणि तेव्हा सांगलीच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाचं पुढचं प्रशिक्षण घेत होते. पण स्कॅनवर आबांचं, माझ्या वडिलांचं नाव मी दोनदा वाचलं.

मी तिथे आहे म्हणून त्यांना गावाहून, औंधहून सांगलीलाच आणलं होतं. डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं. गिळण्याची तपासणी व्हायची होती. तोवर खाटेवर पाटी लागली, 'एनबीएम'. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. घोटभर पाणीसुद्धा श्वासनळीत उतरू शकतं. पाटी मीच लावली. आई शेजारी उभी होती, तिला चकार शब्द बोलले नाही. नर्सची आई, तिला कळत असेलच की! डॉक्टरांपुढे शिकलेलं बोलून दाखवण्यात मी गुंग.

भेटीच्या वेळी आई एकटी आत गेली. पदराच्या गाठीत यमाईदेवीचा अंगारा. आमच्याकडे आजारी माणसाच्या कपाळाला तो लावतात आणि चिमूटभर पाण्यातून देतात. तिने दोन चमचे पाजले. आबांना जोरात ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ताप, मग धाप. 'ॲस्पिरेशन न्यूमोनिया', म्हणजे फुफ्फुसात नको ते गेल्याने होणारा. व्हेंटिलेटर लावला. मशीनवरचा एकेक आकडा मला वाचता येत होता, हेच नशीब फुटकं. बाहेर बाकावरून आई विचारायची, "ह्ये कवा उठत्याल गं?"

सहाव्या दिवशी आबा गेले.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "अंगाऱ्यानं तर न्हाई ना झालं?" खोटंच बोलणार होते. जमलं नाही. "पाण्यानं झालं, आई. पण पाजू नको म्हणून सांगायचं काम माझं हुतं. मी न्हाई सांगितलं."

ती म्हणाली, "लय तहानलं हुतं गं ह्ये."

प्रशिक्षण मी पुरं केलं. तुमचं माणूस आत असेल तर पाटीचा अर्थ विचारा. नर्स वैतागली तरी दहादा विचारा. मी आता पाटी लावायच्या आधी घरच्यांना जवळ बोलावते आणि ओला कापूस ओठांवरून कसा फिरवायचा ते दाखवते. तेवढं चालतं.

आईला तेवढंच हवं होतं.