दापोड्याच्या नवरीची हळद

हरेशने दोन फोटो काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "ताई, तुजा कार्ड बोगस हाय."

फोटो हळदीचे होते, पण नवरीच्या तोंडावर हळद कुठेच नव्हती. चेहरा पार वांग्याच्या रंगाचा झाला होता.

मी तेव्हा भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दुकानात कॉम्प्युटर असेंबल करायचे. म्हणजे सुटे पार्ट आणून गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे जोडून द्यायचे. हरेश भोईर दापोड्याचा, लग्नांचे फोटो काढणारा. कॅमेरा डिजिटल घेतला आणि अल्बम घरीच बनवायचा म्हणून माझ्याकडे आला. पहिलंच काम गावातल्या गोडाऊनवाल्या पाटलांच्या मुलीचं. रविवारी तिच्या सासरची माणसं अंबाडीहून अल्बम बघायला येणार होती.

"ही वांगी नवरी त्यांना दाखवली तर मना पुन्हा कोण लग्नाला बोलवंल?" हरेश म्हणाला. त्याचं तोंड बघून मलाच कसंतरी झालं. आणि नाव माझ्या दुकानाचंही जाणार होतं.

आता पार्ट निवडताना काय झालं ते सांगते. फोटोच्या कामाला रॅम भरपूर लागते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, मोठा असला की चार पातेली एकदम मांडता येतात. ग्राफिक्स कार्ड चित्र स्क्रीनवर पाठवतं, ते साधं असलं तरी फोटोला चालतं. मॉनिटर मात्र चांगला हवा, कारण रंग तिथेच बघायचे असतात. हे सगळं मी घसा कोरडा करून सांगितलं. हरेशने मान डोलावली आणि गेमवाल्या पोरांचं महागडं कार्ड उचललं. वर निळे लाइट लागणारा, बाजूला काच असलेला कॅबिनेट.

"अरे, लाइटने फोटो एडिट होतात का?"

"ताई, गिऱ्हाइक बाजूला बसतंय. त्याला काय रॅम दिसते?"

भांडूनभांडून मॉनिटर तेवढा माझ्या पसंतीचा घ्यायला लावला. मोठा, काचेच्या नळीचा, दोघांनी उचलायचा. तेव्हा तसेच असायचे.

तर आता त्याच्या स्क्रीनवर माणसं हिरवट-पिवळी दिसत होती. हरेश पिवळा रंग कमी करायचा, चेहरा ठीक दिसायला लागायचा, आणि लॅबमधून छापून आला की जांभळा. मी सगळा सेट दुकानात मागवला. दुकानात रंग एकदम बरोबर. तो दापोड्याला घेऊन गेला, पुन्हा हिरवट. मी कार्ड बदललं, केबल बदलली. शेवटी लाइटवर खापर फोडलं. भिवंडीत कापडाचे लूम चालू झाले की व्होल्टेज खाली-वर होतं, त्यामुळे कशाचंही खापर लाइटवर फोडलं तर कोणी शंका घेत नाही. त्याने स्टॅबिलायझर घेतला. काही फरक नाही.

मग फोनवर म्हणाला, "ताई, एक सांगू? हसू नको. गावात कोणाची हळद असली ना, त्या संध्याकाळी रंग बरोबर येतोय. आई म्हणते, मशिनीला हळदीचा मान पायजे."

मी हसले. मग शनिवारी बॅग उचलली आणि रिक्षाने दापोडं गाठलं.

मॉनिटर खोलीच्या कोपऱ्यात फुलाफुलांच्या चादरीने झाकलेल्या टेबलावर होता. मी कॅबिनेट उघडला तर आतला पंखा पिवळाधमक.

"हे काय?"

हरेशची आई दारातून म्हणाली, "मीच लावली गो बाय, हळद-कुंकू. नवीन वस्तू, पूजा नको?"

पंखा पुसला, पार्ट तपासले. सगळं ठणठणीत. डोकं चालेना. माझा संध्याकाळचा चहा झाला तरी नवरी हिरवटच. तेवढ्यात हरेशचा मोठा भाऊ घरात शिरला. त्याचा धंदा साऊंड भाड्याने द्यायचा.

"चल, मशीन काढ. आज हळद हाय, टेम्पो उभा हाय."

हरेशने सवयीने मॉनिटर चालूच्या चालू उचलून पलंगावर ठेवला. भावाने चादर ओढली. खाली टेबल नव्हतंच. माणसाच्या कमरेएवढा डीजेचा स्पीकर होता.

स्पीकरच्या आत तव्याएवढं लोहचुंबक असतं. नळीच्या मॉनिटरला चुंबक जवळ आलं की रंग सरकतात. पलंगावर ठेवल्यावर नवरी थोडी सुधारली होती. मी मॉनिटरचं डिगॉसचं बटण दाबलं, ते आत बसलेलं चुंबकत्व घालवतं. धप्प आवाज झाला, चित्र थरथरलं, आणि नवरीच्या गालावर हळद आली.

"बग," आई म्हणाली. "हळद निघाली गावात."

"हरेश, मॉनिटर कोणी स्पीकरवर ठेवतं का?"

"ताई, एवढा जड मॉनिटर तूच घ्यायला लावला. आमचं टेबल डुगडुगायचं. घरात मजबूत ती एकच वस्तू हाय."

मी बॅग आवरायला घेतली.

अल्बम रात्रीत नव्याने बनवून, सकाळी छापून रविवारी पाटलांकडे पोचला. मुलीच्या सासूने पानं उलटली आणि म्हणाली, "हळद कशी चढलीय बघा." हरेशने तिथेच पाटलांच्या पुतण्याचं लग्न पक्कं केलं. नंतर त्याच्या घरी अल्बम बघायला येणारी माणसं निळ्या लाइटवाल्या कॅबिनेटकडे बघून खूश व्हायची. रॅमबद्दल आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

तेव्हापासून मी फोटोवाल्या गिऱ्हाइकाला पहिलं विचारायचे, मॉनिटर कशावर ठेवणार? लोकांना वाटायचं बाई सुतारकामही करते. चुंबकाची गोष्ट हरेशने कोणाला सांगितलीच नाही. आईच्या हळदीने मशीन सुधारली, हेच गावभर झालं. दापोड्याहून नवीन कॉम्प्युटर घ्यायला येणारे मग हळदीची पुडी बरोबरच आणायचे. मी नाही म्हणत नसे. फक्त सांगायचे, बाहेरून लावा, पंख्यापासून लांब.