मामा आणि मोकळी स्लाइड

अन्याय झाला तो माझ्या मामांवर, आणि लातूरच्या एका डाळमिलीत निवडणीच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायांवर. कधी झाला? गेल्या मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर, बायांचे डबे विसळून व्हायच्या आत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी मामांविषयी हसत हसत लिहिणार आहे आणि वाचणाऱ्यानं हसण्याच्या नादात मूळ मुद्दा सोडू नये. कामगारांसाठी पत्रकं लिहून लिहून लागलेली सवय आहे ही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. कारखान्याकारखान्यांतून कामगारांना सुरक्षेचे कायदेकानून समजावून सांगायचे, भिंतीवर स्लाइडी दाखवून, हा त्यांचा व्यवसाय. आणि माझा दावा आहे की भिंतीवर चित्र पाडून माणसाला शहाणं करता येतं यावर एवढी श्रद्धा असलेला दुसरा माणूस नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत नाही. चित्र पाडूनच माणसाला झोपवताही येतं, हे त्यांच्याइतकं कळलेला तर नाहीच नाही.

कॉलेजची वर्षं मी लातूरला आत्याकडेच काढली, म्हणून मामांचा हा संसार मला आतून माहीत आहे. बाहेरच्या खोलीत एक पांढरी चादर कायम ताणलेली असायची. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, पलीकडे कुणी बाळंतीण आहे. ते आवाज खाली आणून बोलायचे. त्या चादरीवर मामा उद्याच्या स्लाइडी पाडायचे आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसायची. स्लाइड बदलली आणि आत्यानं मान वर केली, तर ती पास. मान वर झाली नाही तर नापास, मग तिच्यात कुठलंही कलम असो. "मेथीहून जे बरं दिसत न्हाई, ते कामगारानं का म्हणून बघावं?" असा मामांचा सवाल होता. आत्याला या परीक्षेची काही कल्पना नव्हती असं मामा समजत. एकदा मी तिला विचारलं तर म्हणाली, "कल्पना कशी न्हाई? त्यांनी लई राबून केलेली असली की मी घेतेच की मान वर." म्हणजे लातूर जिल्ह्याची औद्योगिक सुरक्षा बरीच वर्षं माझ्या आत्याच्या दयेवर चालली होती.

स्लाइडीवर मुद्द्यांपुढे जे काळे ठिपके घालतात, त्यांना इंग्रजीत बुलेट, म्हणजे गोळी, म्हणतात हे कळल्यापासून मामांनी त्यांच्याशी वैर धरलं. कुठल्याही ऑफिसात असे ठिपके दिसले की विचारायचे, "ह्या गोळ्या कवा घ्यायच्या? जेवणाच्या आधी का नंतर?" दुसरं वैर पिवळ्या टोपीतल्या त्या गोऱ्यापान माणसाशी, जो इंटरनेटवर फुकट मिळतो आणि यंत्राशेजारी उभा राहून विनाकारण हसतो. "ह्यो आपल्या मिलमधी कामाला हाय का? न्हाई ना? मग ह्याला कशाला सांगायलाव?" असं म्हणून ते स्वतः मोबाइल घेऊन मिलमध्ये जायचे आणि तिथलाच जिना, तिथलीच उघडी पडलेली वायर, तिथल्याच भिंतीवरचा पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला विजेचा डबा टिपून आणायचे. आपला जिना एवढा मोठा होऊन भिंतीवर आला की बाया आधी लाजायच्या आणि मग एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "अगं, पायरी तुटली की ही!" रोज त्याच पायरीवरून त्या चढत होत्या.

माझ्या बहिणीच्या लग्नात नवरानवरीचे लहानपणापासूनचे फोटो पडद्यावर सुरू झाले, तेव्हा मामांनी उभं राहून फोटोग्राफरला हात जोडले: "जयभीम भाऊ. इतके नका दावू. एकच दावा, आन् लोकायला बघू द्या." नवरदेवाकडच्यांना वाटलं, मुलीकडच्यांचा काही आक्षेप आहे. मीही सुटले नाही. माझं पहिलं पत्रक, ज्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं, त्यांनी चष्मा लावून पुरतं वाचलं आणि शांतपणे परत दिलं. "चांगलं हाय. रागावलंय हे कळलं. कुणावर, ते न्हाई कळलं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. उद्गारचिन्हं मात्र तेव्हापासून कमी झाली.

देगलूरला एका जिनिंगमध्ये त्यांनी लाल रंगाची स्लाइड केली होती. कामगार निम्मे इकडचे, निम्मे तेलंगणातले, म्हणून मामांनी कुणाला तरी विचारून तेलुगूतला 'थांब' मराठी अक्षरांत लिहिला: 'आगु'. एवढ्या लाल रंगावर एवढी मोठी अक्षरं उमटली मात्र, तेलुगू बोलणारे जागच्या जागी थांबले आणि मराठी बोलणारे "आग! आग!" करत दाराबाहेर पळाले. कापसाचं काम, पळणाऱ्यांना नावं कोण ठेवणार? मालक चिडला. मामा मात्र खुशीत होते. "अर्धे थांबले, अर्धे पळाले. वाचून हललं न्हाई असं एक बी न्हाई. आता सांग, अशी स्लाइड कुणाची हाय?" तरी घरी आल्यावर त्यांनी तो शब्द काढला आणि आत्याच्या तळहाताचा फोटो घातला, समोर धरलेला, बोटं मिटलेली. देगलूरपासून लोह्यापर्यंत कितीतरी माणसं माझ्या आत्याच्या पंजापुढं मुकाट थांबायला शिकली आहेत, आणि आत्या अजून बाजारात जाताना कुणी ओळखेल का म्हणून पदराआड हात घेते.

पण मामांचं खरं वेड होतं ते मोकळ्या स्लाइडीचं. त्या डाळमिलीतलं त्यांचं शिकवणं मी एकदा कोपऱ्यात बसून पाहिलंय. कँटीनच्या खिडक्यांना आत्याच्या जुन्या साड्या लावलेल्या. बाहेर लातूरचं ऊन, आत निळसर अंधार. तुरीची बारीक भुकटी मिलमध्ये कायम हवेत असते. प्रोजेक्टरच्या उजेडात ती पिवळी होऊन सावकाश वर चढत होती, जणू कुणी तळ्याच्या तळाशी बसून वरचं पाणी बघतंय. मामांनी निवडणीच्या पट्ट्याचं चित्र दाखवलं आणि मग ते पुसून टाकलं. भिंत नुसती उजळ राहिली. एक बाई म्हणाली, "साहेब, लाइट गेली." मामा म्हणाले, "गेली न्हाई. जागा मोकळी केली. आता डोळे झाका, आन् तुमचा पट्टा तुम्हीच बघा." कुणीतरी खुसकन हसलं. मग हसू विरलं. पंख्याचा आवाज, कुणाच्या तरी बांगडीचा आवाज. सगळ्या बाया डोळे मिटून बसलेल्या, तोंडावर तो दुधासारखा उजेड. मी स्वतः डोळे मिटले आणि मी जो कधी चालवला नव्हता तो पट्टा मला दिसायला लागला, संथ, डाळ वाहून नेणारा, नदीसारखा. मामा हळूच विचारायचे, "काय दिसायलंय?" त्या अंधारातून उत्तरं यायची. "पट्टा दिसायलाय." "खडे दिसायलेत." आणि मग शेवटच्या रांगेतून सुशीलामावशी, त्या पट्ट्यावर सगळ्यात जुन्या, डोळे मिटूनच म्हणाल्या, "साहेब, माझ्या बाजूची पोरगी ओढणी सोडून काम करायली. पट्ट्याच्या लई जवळ."

ती गोष्ट कुठल्याच स्लाइडीवर नव्हती. त्या मुलीनं तिथल्या तिथे ओढणी खोचली. मामांनी फक्त, "हं, अजून काय दिसायलंय?" एवढंच म्हटलं.

याच मिलमध्ये मामांनी सुरुवातीला एक शब्द वापरून फजिती करून घेतली होती. यंत्र साफ करताना किंवा दुरुस्त करताना बटण बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली साफ करणाऱ्यानंच जवळ ठेवायची, म्हणजे मागून कुणी चुकून चालू करणार नाही, असा नियम आहे. इंग्रजीत त्याला लॉकआउट म्हणतात. मामांनी तसंच मोठ्या अक्षरात लिहिलं. आता आमच्याकडच्या कामगाराला लॉकआउट एकच माहीत: मालकानं मिलला टाळं ठोकणं. स्लाइड पडली आणि बायांनी डबे उचलले. सुशीलामावशी पुढं आल्या, "साहेब, मिल बंद करायलेत तर असं अंधारात बसवून कशाला सांगायलेत? सरळ सांगा की." त्यांना थांबवता थांबवता मामांचा घसा बसला. दुसऱ्या खेपेला स्लाइडीवर शब्द नव्हता. सुशीलामावशींचाच फोटो होता, लुगड्याच्या कमरेला खोचलेल्या किल्लीसह. खाली लिहिलं होतं, 'हात यंत्रात, किल्ली कमरेला.' त्यानंतर त्या मिलमध्ये हा नियम कुणाला परत सांगावा लागला नाही. "कमरेची किल्ली सासूला देत न्हाई मी," मावशी म्हणायच्या, "फिटरला देईन व्हय?"

आता मंगळवार. मिलची मालकी बदलली होती आणि प्रशिक्षण वरून आलं. घेऊन आलेला पोरगा वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं दिवे घालवले आणि स्लाइडीवरचं वाचायला सुरुवात केली, पाठ बायांकडे करून. ठिपके, ठिपक्यांखाली ठिपके, तो हसणारा गोरा, 'अनुपालन अनिवार्य', आणि मधे कुठंतरी तोच शब्द, लॉकआउट. बायांनी मुकाट ऐकलं, अंगठे उमटवले आणि प्रमाणपत्रं आली. मामांना मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. शेवटी शाल देऊन सांगितलं, सर, इथून पुढं तुम्हाला त्रास नाही. मामांनी शाल घेतली आणि साड्या उतरवायला खिडकीकडे गेले. पण खिडक्यांना आता नवे पडदे होते.

गुरुवारी मी मिलच्या फाटकावर गेले. नव्यानं लागलेली एक मुलगी भेटली, अर्धापूरची, बोलकी. मी विचारलं, "परवा काय शिकवलं गं?"

"गार होतं ताई आत. लई झोप आली."

"लॉकआउट म्हणजे काय, सांगितलं?"

"हाव. मिल बंद पडली तर पगार मिळत न्हाई, त्येच न्हाई का?"

"आणि पट्टा कवा झाडतीस?"

"चालूच असतोय की. बंद करायला फिटरला बोलवावं लागतंय, त्यो ओरडतोय." आणि तिनं हवेतच हात फिरवून दाखवला, कसा झाडते ते, हलका, सराईत, रांगोळीची रेघ ओढावी तसा.

सुशीलामावशींना आणि आणखी चौघींना घेऊन मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, मामांना एक दुपार द्या. त्यानं प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "ताई, ट्रेनिंग झालेलं आहे. सगळ्यांना समजलं आहे. त्यांचे अंगठे आहेत." मावशी म्हणाल्या, "साहेब, अंगठा हाय म्हणूनच आलो. ऱ्हावा म्हणून." तो हसला नाही, चिडलाही नाही. बघतो म्हणाला. अजून बघतोय. मावशींनी त्या मुलीला आपल्या शेजारी उभं करून घेतलंय. पण मावशींची पाळी बदलली की तिच्या शेजारी कोण?

मी हे सगळं मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कोणत्या हातानं झाडते ती?" मी म्हटलं, उजव्या. त्यांनी आपला उजवा हात तिच्यासारखा हवेत एकदा फिरवून पाहिला. त्या मंगळवारपासून ते दुपारी झोपतात. पूर्वी कधी झोपत नसत. आत्या सांगते की झोपेत त्यांचा अंगठा हलतो, बटण दाबल्यासारखा; मग थांबतो, आणि ओठ हलतात. "कुणाला तरी विचारायलेत असं वाटतंय. उत्तराची वाट बघायलेत." आत्या त्या वेळी भांडी वाजवत नाही, फोन आला तर अंगणात जाऊन घेते. मी म्हटलं, "चहाला तरी उठव." तर म्हणाली, "नको गं. समोर बाया बसल्या असतील. त्यायचं अर्धं राहील."

म्हणून तुम्हाला सांगते, जे हे वाचताय, आणि ज्यांच्या बँकेत, दवाखान्यात, शाळेत, कारखान्यात अशीच एक दुपार येणार आहे. दिवे जातील, कुणीतरी तुमच्याकडे पाठ करून वाचायला लागेल आणि शेवटी सहीचा कागद फिरेल. तुम्हाला समजलं असेल तरी तुमच्या बाजूच्या बाईला समजलंय का, ते तिच्याकडे वळून विचारा. नसेल समजलं तर तुम्ही उभे राहा. मोठ्यानं म्हणा, "थांबा, आम्हाला कळलं नाही." आणि ते कळेपर्यंत सही करू नका.