एडक्याविरुद्धचा ठराव

गिरण्यांचा भोंगा झाला आणि आमच्या सर्व्हिस मोटारीने सोलापूर सोडलं. मी शाळामास्तर. पुन्हा महायुद्ध होऊ नये म्हणून राष्ट्रांनी जिनिव्हात परिषद स्थापली आहे. तिथे निवाडे कसे होतात, यावर मी सुट्टीत गावोगाव फुकट व्याख्यानं देतो. आजवर श्रोते बेताचेच. माळशिरसला मात्र खुद्द मामलेदार अध्यक्ष होते. जगात आता दुबळ्यालाही न्याय मिळतो, हे त्यांना परीटघडीच्या कोटात उभं राहून पटवायचं होतं. वाटभर खिडकीशी बसून मी मोठ्याने सराव केला.

मोहोळला मोटार पाणी भरायला थांबली. मी उतरून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली, डोळे पुसत परत आलो, तर माझ्या जागेवर चारी पाय दुमडून एक एडका (मेंढीचा नर) बसलेला! खाली त्याचा मालक मायाप्पा धनगर.

"उठवा याला."

"म्या न्हाय बसवला, त्यो आपनच बसला," मायाप्पा म्हणाला. "जागा मोकळी हुती की. त्येचं बी तिकीट काढलंय."

ड्रायव्हर उस्मानभाईंनी हात झटकले. "मेरेकू बीच में नक्को, मास्तर. तुमीच ठरवा."

लेकीकडे पंढरपूरला निघालेल्या गोदाक्का शेजारच्या बाकावर होत्या. माझा सराव त्यांनी सोलापूरपासून ऐकला होता. "आवं मास्तर, ती तुमची जगाची पंचायत ठरवती, तसंच ठरवू की हितं."

मला भरून आलं. मी नियम सांगितले: भांडणाऱ्या दोघांना मत नाही, बाकीच्यांचं एकमत हवं, गप्प बसेल तो विरोधात धरायचा नाही.

आधी चौकशी. उस्मानभाई आणि लुगडी विकायला निघालेले विणकर नरसय्या, अशी दोघांची समिती एडक्याला न्याहाळून आली. जागा मास्तरांची आहे आणि तीवर एडका बसला आहे, असा अहवाल आला. एवढं मलाही दिसत होतं.

मग ठरावाचा मसुदा. 'एडक्याने उतरावे' याला नरसय्यांनी हरकत घेतली. "एवढं कडक नको, मास्तर. त्याला राग आला तर माझ्या लुगड्यांवर येईल की." शेवटी 'उतरण्याचा विचार करावा' असं ठरलं. मागच्या बाकावरचे दोघे घोरत होते, त्यांना गप्प धरलं. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या पडल्या; मायाप्पानेही वाजवल्या.

एडका रवंथ करत राहिला.

"आता काय वो?" गोदाक्कांनी विचारलं.

"आता त्याच्याशी सगळे व्यवहार बंद. खाणंसुद्धा."

मायाप्पाने त्याच्यापुढे टाकलेली भाकरी गोदाक्कांनी काढून घेतली. थोड्याच वेळात उस्मानभाई त्याला कडबा चारताना सापडले. "मुका जनावर है ना, मास्तर!"

मग मी स्वतःच शिंगाला हात घातला. एडक्याने मान खाली केली, तशी अख्खी परिषद मोटारीबाहेर आली. सर्वांत पुढे मी होतो.

ऊन चढलं. गोदाक्का मायेने म्हणाल्या, "मास्तर, न्याय तुमच्याच बाजूनं हाय, सगळ्यास्नी मान्य हाय. पर त्ये जनावर, तुमी शानं मानूस. टपावर बसा की."

हा ठराव क्षणात मंजूर झाला. मला मत नव्हतंच.

टपावरून भीमा सुरेख दिसली, एवढं कबूल करतो. माळशिरसला उतरलो तेव्हा कोट धुळीने पिवळा झाला होता. व्याख्यान संपल्यावर मामलेदारांनी विचारलं, "ठराव झाला, पण कुणी पाळलाच नाही, तर?"

'जगाचं लोकमत' हे माझं नेहमीचं उत्तर. ते बाजूला ठेवून मी म्हणालो, "तर ज्याच्या बाजूने ठराव झाला, तो टपावर बसतो."

उस्मानभाईंनी एडक्याची हकिकत आधीच गावभर केली होती. सभा पोट धरधरून हसली. तालुक्यातून आणखी तीन आमंत्रणं आली.

परतताना मोटार निम्मी रिकामी होती. सहप्रवाशाने वर्तमानपत्र वाचायला दिलं. बलाढ्य शेजाऱ्याने मुलूख बळकावला म्हणून एका गरीब देशाने जिनिव्हात दाद मागितली होती, आणि त्याच्या बाजूने एकमताने ठराव झाला होता. पूर्वी ही बातमी वाचून मी पेढे वाटले असते. त्या दिवशी मला त्या देशाचं फार वाईट वाटलं. मला निदान टप तरी मिळाला होता.