वर, पण कशावर?

देवणीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून असलेल्या एका खेड्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मी उमरीची. नांदेडला डी.एड. केलेलं, व्याकरणात हुशार आणि डोक्यात हवा भरपूर. शाळा दोन खोल्यांची, शिक्षिका दोघी, मी आणि मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की वेशीवर हुंदडणारं पोर मुकाट्याने शाळेकडे वळायचं. पहिल्या दिवशी मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. पुढे मात्र त्यांच्याइतकं कौतुक मी दुसऱ्या कुणाचं केलेलं नाही.

पहिलीला वर, खाली, आत, जवळ, मागे हे शब्द शिकवायचे होते. व्याकरणात यांना शब्दयोगी अव्यय म्हणतात, पण पहिलीच्या पोरांसमोर ते नाव काढायचं नसतं एवढं मलाही कळत होतं. फळ्यावर झाड काढलं, चिमणी काढली, सगळे शब्द सुरात म्हणवून घेतले. मला वाटलं, झालं काम. मग एकेकाला विचारायला घेतलं, तर मराठी घरातली पोरं धडाधड बरोबर सांगत, आणि कानडी घरातली म्हणत, चिमणी झाडवर, घागर विहीरत. झाडावर, विहिरीत असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. पोरं माझ्यामागून बरोबर म्हणत आणि पुढच्या घटकेला चिमणी पुन्हा झाडवर.

मोठ्या बाई शेजारच्या खोलीतून हे ऐकत होत्या. एक दिवस त्या सरळ वर्गात आल्या, मला बाजूला केलं आणि पोरांना विचारलं, डोक्यावर हंडा घ्यायचा तर काय करावं लागतं? त्या वर्षी गावात टँकरच्या पाण्यावर दिवस चालला होता, त्यामुळे हा प्रश्न कुणाला अवघड नव्हता. वाकावं लागतं, पोरं म्हणाली. "मग शब्दाच्या डोक्यावर ओझं ठेवायचं तर शब्दालाबी वाकावं लागतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी एका पोराला झाड केलं. तो ताठ उभा असला की सगळ्यांनी म्हणायचं झाड. तो वाकला की झाडा. मग त्याच्या पाठीवर पाटी ठेवायची आणि म्हणायचं झाडावर. तसंच विहीर ताठ, विहिरी वाकलेली, आणि त्यावर 'त' ठेवला की विहिरीत. आठवडाभर माझा वर्ग नुसता वाकत होता आणि उठत होता. कुणी चुकलं की अख्खा वर्ग म्हणायचा, "वाक की." मी दोन वर्षं सामान्यरूपाच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, पण शब्द वाकतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

जिल्ह्याचाही घोळ त्यांनी असाच मिटवला. परवापर्यंत पोरं आपलं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात म्हणायची, आता लातूर जिल्ह्यात म्हणायचं होतं. एका पोराने काळजीने विचारलं की गाव उचलून नेलं का. बाई म्हणाल्या, गाव तिथंच हाय आणि 'त'बी तोच हाय, फक्त कुणाच्या डोक्यावर बसायचं ते बदललंय. पोरांचं समाधान झालं. मोठ्या माणसांचं त्या काळात एवढ्या लवकर होत नव्हतं.

या सगळ्यात एक पोरगी मात्र वाकायचीही नाही आणि बोलायचीही नाही. सात वर्षांची, कपाळावर भस्माची पुसट बोटं, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या. तिचं घर गावापासून लांब, शेतातल्या वस्तीवर, आणि घरात निव्वळ कानडी. गावातली कानडी पोरं गल्लीत खेळून मराठी शिकली होती, हिला गल्लीच नव्हती. तिच्या अबोल्याचं कारण मला उशिरा कळलं. कानडीत 'वर'ला जो शब्द आहे तो तिच्या तोंडून 'म्याले' असा यायचा, आणि आमच्या कानांना तो 'मेले' ऐकू यायचा. मांजर कुठं आहे विचारलं की ती म्हणायची, म्याले. की वर्ग ओरडायचा, कोण मेलं? सगळ्यात मोठ्याने हसायची ती गावातली कानडी पोरं. आपण आता त्यातले नाही हे त्यांना दाखवायचं असायचं.

तिचे वडील एकदा शाळेत आले. देवणी बैलांची जोडी बाळगून होते, चाऱ्यासाठी ती देवणीजवळच्या टेकडीवरच्या छावणीत नेऊन बांधायची होती, त्या घाईत होते. दारातूनच म्हणाले, "बाई, दोन साल झाले, पोरगी पहिलीतच बसून राहिली. यंदाबी तितंच बसवणार असाल तर सांगा. शेळ्यामागं धाडतो." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, हिशेब साधा होता. घरात पाणी भरायला, जनावरं सांभाळायला माणूस लागत होतं.

ते गेल्यावर मी बाईंना म्हटलं, टाका तिला दुसरीत, कोण विचारतंय? बाई माझ्यावर अशा डाफरल्या की बाहेरची पोरं गप्प झाली. तिला येत नसताना दुसरीत टाकली तर तिथं आणखी मुकी होईल, आणि मग बाप नाही, ती स्वतःच शाळा सोडेल, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, ही बाई तत्त्वापायी पोरीचं वाटोळं करणार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई त्या पोरीला घेऊन लिंबाखाली बसल्या. बाईंना कानडी यायचं नाही. त्या बोटाने दाखवायच्या आणि ती तिच्या भाषेत सांगायची. थोड्या वेळाने बाई जवळजवळ पळतच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "अगं, हिचा शब्द आधीच वाकतोय." झाडाला ती गिड म्हणत होती, पण झाडावर म्हणताना गिडद म्याले. टेकडीला गुड्ड, टेकडीवर म्हणताना गुड्डद म्याले. बाईंचा चेहरा इतका खुलला होता की मी माझा राग विसरले.

त्या दुपारी बाईंनी पहिलीच्या वर्गाला कानडी शिकायला बसवलं, आणि शिक्षिका केलं त्या पोरीला. छडी तिच्या हातात, बाई स्वतः पोरांच्या रांगेत मांडी घालून. झाडावर म्हणजे काय? एक मराठी पोरगा तोऱ्यात उठून म्हणाला, गिड म्याले. पोरीने त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षांत वर्गात जो आवाज कुणी धड ऐकला नव्हता, त्या आवाजात ती म्हणाली, "वाक की." मराठीत म्हणाली. बाईंनी मान खाली घातली आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले, लाजायचं काय त्यात.

त्यानंतर ती बोलायला लागली, पण चाचरत. घाबरली की पुन्हा कानडी यायची. आणि नेमकी वर्षाअखेरीची तपासणी आली. नव्या जिल्ह्याचे साहेब पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. पहिलीची परीक्षा तोंडी, आणि काही पोरांना ते स्वतः विचारणार होते. बाईंनी त्या पोरीला लपवली नाही. पुढच्या रांगेत बसवली.

साहेब माणूस म्हणून बरे होते. उन्हातून जीपने आलेले, घामाघूम, पण पोरांशी मऊ बोलत होते. तिच्यापाशी थांबले आणि पुस्तक मिटून विचारलं, तुमच्याकडे बैल आहेत का? तिने मान डोलावली. कुठं आहेत?

ती उठली. घाबरून कानडीतच म्हणाली, "गुड्डद म्याले."

साहेबांचा चेहरा उतरला. ते वर्ष तसंच होतं, गावोगाव गुरं मरत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अरेरे म्हणाले. वर्ग हसेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण कुणी हसलं नाही. मागून गावातलाच एक कानडी पोरगा, पूर्वी सगळ्यात जास्त हसणारा, मदतीला धावला. "तसं न्हाई साहेब," तो म्हणाला, "वर गेलेत."

साहेब आणखी गंभीर झाले. म्हणाले, "दोन्ही?"

आता मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. मी बाईंकडे बघितलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी सगळं निस्तरलं असतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि हात पाठीमागे धरले होते. त्या थांबून राहिल्या. माझ्याने ते झालं नसतं.

पोरगी साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांना काय ऐकू आलं ते तिला कळलं असावं, कारण ती एकदम हट्टाने मान हलवायला लागली. मग तिने गुडघे वाकवले, आमच्या खेळात वाकायचे तसे, आणि प्रत्येक शब्दाला वाकत, उठत बोलली.

"टेकडीवर हायत. छावणीत हायत. लिंबाखाली बांधल्यात. माझा बाप त्यांच्याजवळ हाय. जित्ते हायत."

साहेब जोरात हसले आणि सुटल्यासारखे खाली पोरांतच बसले. त्यांना आनंद बैलांचा झाला की मराठीचा, ते मी त्यांना विचारलं नाही. आमच्या बाई मात्र तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

निकालाच्या दिवशी तिचे वडील छावणीतून परस्पर शाळेत आले. धोतर धुळीने माखलेलं. उत्तर काय येणार याची त्यांनी मनाशी तयारी करून ठेवली होती, हे उभं राहण्यावरून कळत होतं. त्यांनी बाईंना विचारलं, "बाई, पोरगी कुठं हाय मग?"

बाईंनी पोरीला पुढे केलं.

"दुसरीत," ती म्हणाली.