चमकवाले काकाजी

आमच्या काकाजींना कोणताही आवाज जसा आहे तसा कधीच आवडला नाही. इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत ते जाहिराती रेकॉर्ड करायचे. ऑटोवर भोंगा बांधून साड्यांचा सेल सांगत फिरतात, त्या. वाचायची मी. पहिल्याच दिवशी माझं वाचन ऐकून ते म्हणाले, "चांगलं आहे वं, पण चमक नाही." सगळी इतवारी त्यांना चमकवाले काकाजी का म्हणते, ते तेव्हा कळलं.

चमक आणायची त्यांची एक रीत होती. मूळ आवाजाची प्रत काढायची, तिच्यातला जाड भाग गाळायचा, उरलेला बारीक आवाज मुद्दाम फाटेपर्यंत ताणायचा. मग ती फाटकी प्रत मूळ आवाजाखाली इतकी हळू लावायची, की ती आहे हे कळू नये, पण काढली तर काहीतरी गेल्यासारखं वाटावं. हे सगळं ते फुकट मिळणाऱ्या, कोणालाही आत हात घालता येईल अशा खुल्या सॉफ्टवेअरवर करत. एका बटणात चमक देणारी महागडी सॉफ्टवेअरंही असतात, असं कोणी सुचवलं की विचारत, "मग मी काहून बसलो इथं?" आणि आपली विद्या अर्धा तास समजावत. गिऱ्हाईक चहा संपवून निघून गेलं तरी.

हिंगण्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. त्या मशीनने त्यांच्या कानांचं काय केलं, हे ते सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे चमक दरवर्षी वाढत गेली. माझा 'सेल' कुकरच्या शिट्टीसारखा वाजू लागला. एका साडीवाल्याने निरोप पाठवला, की ऑटो गल्लीत शिरला की कुत्री पळतात. काकाजींनी तो जाहिरातीचा परिणाम मानला.

त्यांना सांगणार कोण? ही खोली सुटली असती तर घरी टीव्ही मोठा करून बसण्यापलीकडे त्यांना काही उरलं नसतं. मग मी चोरी सुरू केली. ते चहा सांगायला खाली उतरले, की चमकेचा ट्रॅक पार खाली आणायचा आणि फाइल काढायची. ते ऐकून समाधानाने मान डोलवायचे. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं.

एका दुपारी त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे ठेवला. "दिवाळीपासून कोणाचीच तक्रार नाही. मी तर तेवढीच टाकून राहिलो. म्हणजे तू कमी करून राहिली."

मी माफी मागू लागले. ते रागावलेले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"माझे कान गेले हे चहावाल्याले माहीत, मले नाही," ते म्हणाले. "तू तरी सांगाले पाहिजे होतं." मग त्यांनी माउस हातात घेतला. "आता मी वाढवतो. तू 'बस' म्हन."

पुढे आम्ही तसंच काम केलं. मी "बस, काकाजी" म्हटलं की त्यांचा हात थांबायचा. आमच्या सगळ्यांत चांगल्या जाहिराती त्या दिवसांतल्या, आणि त्या त्यांना एकदाही नीट ऐकू आल्या नाहीत.

काकाजी गेले. खोली आता मी चालवते. चमकेचा ट्रॅक हळूहळू वर नेते, आणि नेमक्या जागी मोठ्याने म्हणते, "बस, काकाजी." हात थांबतो. तो माझाच आहे, हे समजायला दर वेळी थोडा वेळ लागतो.