पत्ती खाणारा कॅमेरा

तीन यंत्रांना एक भाषा शिकवायला मी राळेगावला गेलो आणि परतलो तेव्हा मला माझीच भाषा धड येत नव्हती. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे, वाढवून सांगायची मला सवय आहे, पण ती पुढे येईल.

पुण्यात मी संगणकाच्या कर्नलमध्ये काम करत असे. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला अडत्या. वरचे प्रोग्राम म्हणजे व्यापारी, खालची यंत्रं म्हणजे माल आणणारे. दोघांची थेट गाठ पडू द्यायची नाही, सगळा बोलाचालीचा मामला आपल्या हातून. माझ्या वाट्याला कॅमेरे आले होते, आणि कॅमेऱ्यातून आलेलं चित्र धुऊनपुसून पुढे देणारी कार्डं. घरी कोणी विचारलं की आई सांगे, "फोटोचं काम करते तो." तेवढ्यावर तालुक्यातल्या निदान चाळीस लग्नांत मला फोटो काढायचं बोलावणं आलं. दोन लग्नांत मी काढलेही. एकात नवरदेव निम्माच आला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी, पानांवर लाल्या, आणि ऐन वेचणीत पाऊस. पूर्वी अख्ख्या बैलबंडीत एका जातीचा कापूस असे, आता एका मुठीत तीन निघायचे: पांढरा, पिवळा आणि कवडी, म्हणजे अळीनं खाऊन कडक झालेला. त्यामुळे राळेगावच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर प्रतवारीवरून रोज महाभारत. आणि त्या महाभारताच्या मधोमध खुर्ची टाकून माझे काका बसलेले. वडिलांचे चुलतभाऊ, जिनिंगचे ग्रेडर.

काका शेडच्या उत्तरेच्या तोंडाशी बसत, ऊन पाठीशी. बंडीतला वरचा कापूस ते बघतच नसत. वर काय ठेवायचं ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. कोपरापर्यंत हात खुपसून आतली मूठ काढत, दाबत, उसवत, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढत आणि म्हणत, "एक नंबर." किंवा, "दोन नंबर." तिसरं वाक्य नाही. तो शब्द पडला की भांडण बसे. नुसता पुंजका चोळून काका सांगत की हे वावर नाल्याच्या कोणत्या काठाला आहे. ही गोष्ट मीच उठवली होती, पण पुढे नेर तालुक्यातले लोक ती मलाच सांगू लागले, तेव्हा खरी असावी.

जिनिंगच्या मालकानं, शेठनं, कापूस उतरवायच्या तीन फलाटांवर तीन कॅमेरे बसवले होते. तिन्ही तीन ठिकाणचे, कारण तिन्ही स्वस्तात मिळालेले. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, संगणक वेगळा, प्रोग्राम वेगळा. एकच मूठ तिन्हीकडे फिरवली तर एक म्हणे एक नंबर, दुसरा म्हणे दोन, तिसरा बंद पडे. शेठला एकच पडदा हवा होता. मी फोनवर म्हटलं, "हात्तिच्या, आठ दिवसांचं काम." हे मी सगळ्याच कामांना म्हणतो.

काका मला घ्यायला कळंबपर्यंत आले. चिंतामणीचं दर्शन झालं, आणि पायऱ्यांवर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "बाबू, एक सांगतो, कोनाले सांगू नको. मले दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हंजे धुकं. मोतीबिंदू. तू बसून हायेस हे समजते, पन तुले मिशा हायेत का नाही, ते समजत नाही."

"नाहीत, काका."

"पाह्य. मले वाटे हायेत."

मी म्हटलं, ऑपरेशन करून घ्या. आजकाल सकाळी नेतात, संध्याकाळी सोडतात.

"आन मंग महिनाभर धुरात-कचऱ्यात बसू नका म्हनतात. सीझनात खुर्ची रिकामी ठेवू? दुसरा बसला का उठते काय तो? आन लोकायले समजलं तं मांगचं सारं उकरतील. माहा कापूस दोन नंबर केला, तवा तुले दिसत होतं काय, असं पुसतील." मग त्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदा चुकून पायरीच धरली. "तुह्या कॅमेऱ्यानं खरं सांगावं आन मी ते माह्या तोंडानं बोलावं. माहा शब्द खोटा नाही पडला पायजे. बस्स."

असं ओझं कर्नलवर आजवर कोणी टाकलं नसेल.

कामाला बसलो आणि डोकं गरगरायला लागलं. पहिलं कार्ड आधी रंग सुधारी, मग चित्रावरचे ठिपके पुसे. दुसरं आधी ठिपके पुसे, मग उजेड वाढवी, मग स्वतःच वाढवलेला उजेड कमी करी. तिसरं काय करी ते त्याच्या बापालाही माहीत नसावं. त्याची माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी मला वेगळंच कार्ड भेटलं. एकाला सात खुंट्या पिळायला, दुसऱ्याला सत्तर. ज्याला एक 'उजेड' म्हणे त्याला दुसरं ओळखच देईना. मी कापसाच्या गठाणींवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर आकृत्या काढत सुटलो. काढता काढता कार्डं कोणती आणि चिठ्ठ्या कोणत्या हेही कळेना. एक आकृती तर गठाणीवर चिकटून गुजरातला गेली.

शेवटी मी तोडगा काढला, आणि तेव्हा तो मला फार थोर वाटला. तिघांच्या तोंडावर एकच दरवाजा बसवायचा. वरच्या प्रोग्रामनं इतकंच म्हणायचं: चांगलं चित्र दे. आत कोण आधी काय करतो, कोण काय पुसतो, ते ज्याचं त्यानं बघावं. घरातली भांडणं उंबऱ्याबाहेर आणायची नाहीत.

कर्नल साऱ्या जगाचा सामाईक; त्याचा तो भाग सांभाळणारा एक माणूस दूरदेशी राही. त्याला मी माझी रचना पाठवली. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: दरवाजा सुबक आहे, पण आत चित्राचं काय काय होतं ते बाहेरून दिसत नाही. ज्याला ते बघायचं असेल, त्यानं काय करावं?

मी ती ओळ दहादा वाचली. बघायचंय कोणाला? चित्र चांगलं आलं ना? थंड देशात माणसाला असे प्रश्न पडत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

आणि चमत्कार झाला. तिन्ही कॅमेरे एका पडद्यावर आले आणि एकसारखं बोलू लागले. पडदा काकांच्या खुर्चीशेजारी ठेवला. आकडा मी बंडीच्या चाकाएवढा करून दिला. शेठ इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले.

पहिली बंडी एका बाईंची होती. स्वतःचं वावर, स्वतःची बंडी, आणि जीभ अशी की बैल न हाकता चालत. मूठ तिन्ही कॅमेऱ्यांखालून फिरली. पडद्यावर तीन चित्रं उमटली, दुधासारखी. एक नंबर, एक नंबर, एक नंबर. तिघांचं पहिल्यांदा एकमत! मी शेठकडे पाहिलं, शेठनं माझ्याकडे.

काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण सवयीनं हात बंडीत गेलाच होता. मूठ चोळली. पुन्हा चोळली.

"पत्ती हाये," ते म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. पत्ती नव्हती. मुठीकडे पाहिलं. सुकलेल्या पानांचा चुरा, तपकिरी, जागोजाग. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दूध. एक क्षण मला खरंच वाटलं की मोतीबिंदू मलाच झाला.

"काहून, दादा?" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मशीन एक नंबर म्हनून राह्यली आन तुमी कायले अडवता? मशीनले तीन डोये हायेत, तुमाले दोनच."

काकांपुढे सोपी वाट होती. पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा. शेठ खूश, बाई खूश, खुर्ची शाबूत. ते मूठ चोळत राहिले.

"मले दोनबी नाहीत, बाई," ते म्हणाले. "मले दिसत नाही. पन बोटाले लागून राह्यलं. दोन नंबर."

बैलांनीसुद्धा रवंथ थांबवल्याचं मी शपथेवर सांगतो.

"म्हंजे एवढे दिवस...?" शेठ म्हणाले.

"दोन वर्षं झाले, शेठजी. बोटानंच पाह्यलं." काका उठले, मला बाजूला करायला गेले आणि खांबाला बाजूला करू लागले. मग घरी गेले.

पत्ती कुठे गेली ते मला त्या दुपारी समजलं. चित्र सुधारणाऱ्या कार्डाला पांढऱ्यावरचा काळा ठिपका म्हणजे चित्रातला दोष. तो पुसणं हे त्याचं कामच. कापसातली पत्ती तिघांनी मिळून इमानेइतबारे खाल्ली, आणि "खाऊ नका" म्हणायला माझ्या सुबक दरवाजाला फटसुद्धा नव्हती. दूरदेशीच्या माणसाचा प्रश्न आता समजला. समजला म्हणजे, त्याहून मोठे चार प्रश्न पडले.

दरवाजा उखडला. चित्रावर होणारी प्रत्येक क्रिया वेगळी मांडली: ही रंगाची, ही उजेडाची, ही ठिपक्यांची, कोण कोणाला जोडलंय ते बाहेरून दिसेल, आणि नको ती सोडवून ठेवता येईल. पहिल्या दोन कार्डांतून ठिपके पुसणं सोडवलं, तशी पत्ती पडद्यावर आली. तिसऱ्यातून ते सुटेना. ते त्याच्या हाडातच होतं. नव्या रचनेत त्याला निदान इतकं सांगता येत होतं की मी पुसतो, आणि मला न पुसता राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी होती. शेठ मला म्हणाले, तुम्हीच बसा. मी पडदा लावला. बंड्या आल्या आणि फाटकाबाहेरच थांबल्या. पुढचा गाडीवान ओरडला, "काका कुठी हाये?"

"मशीन आहे ना," मी म्हटलं.

"मशीन पाह्यली काल. काकाले बलवा."

काकांना घरून आणायला मीच गेलो, आणि ते आले. चालताना माझ्या कानात म्हणाले, "काहून बलवून राह्यले बे हे मले? आता तं सारं समजलं त्याईले." आंधळ्यानं स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं म्हणून त्यांचा भरवसा वाढला होता, की न दिसणाऱ्याला चकवणं सोपं जाईल असा त्यांचा हिशोब होता? मी त्या रांगेतल्या एकेकाचं तोंड बघत गेलो. काही तोंडांवर दोन्ही दिसत होतं. आजही कोणी विचारलं तर मी सोमवारी एक सांगतो आणि बुधवारी दुसरं.

काकांनी हात खुपसला, मूठ काढली, चोळली.

"दोन नंबर."

गाडीवानानं काकांच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. मग बैल सोडले आणि कापूस उतरवायला घेतला.